मिश्रवंशीय मुले, कृष्णवर्णीय माता आणि मराठी घर : एका प्रश्नाचा आढावा

आई आफ्रिकी वंशाची आणि वडील अन्य वंशाचे अशा दांपत्याच्या मुलांना समाजशास्त्रात ‘मिश्रवंशीय’ म्हटले जाते. येथे वंश म्हणजे माणसांची निसर्गाने पाडलेली जात नव्हे. कातडीचा रंग, केसांची ठेवण, नाकाओठांचा घाट अशा मोजक्या बाह्य खुणांवरून समाजाने माणसांचे जे गट पाडले आणि त्या गटांना जी उतरंडीची प्रतिष्ठा दिली, त्या वर्गीकरणाला वंश म्हणायचे, ही भूमिका युनेस्कोच्या १९५० च्या निवेदनापासून अभ्यासकांत सामान्यतः मान्य झाली आहे. वर्गीकरण मानवनिर्मित असले तरी त्याचे परिणाम खरे असतात, आणि ते सर्वांत आधी मुलांवर होतात. म्हणून अशी मुले ताठ मानेने कशी वाढवावीत हा प्रश्न अमेरिका, ब्रिटन, दक्षिण आफ्रिका या देशांत गेले शतकभर चर्चिला जात आहे. मराठी प्रदेशात तो परका वाटतो, पण तो तसा नाही. पुण्याच्या कर्वेनगर या उपनगराचा आणि ज्या कुटुंबामुळे त्याला हे नाव मिळाले त्या कुटुंबाचा इतिहास पाहिला, तरी या प्रश्नाचे बरेचसे धागे तेथे सापडतात. या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे, की मिश्रवंशीय मुलाचा आत्मविश्वास मुलाला केलेल्या उपदेशातून फारसा येत नाही. घरात त्याच्या आईला कोणते स्थान आहे आणि तिच्याविषयी कोणत्या भाषेत बोलले जाते, हे पाहून तो घडतो किंवा मोडतो.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेरच्या हिंगणे या खेड्यात हलवला. आज कर्वेनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या परिसरात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या शाळा, वसतिगृहे, १९९१ पासूनचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय आणि भोवती भाड्याच्या सदनिकांची दाटी आहे. आश्रमाच्या आधीची घटना प्रस्तुत विषयाला अधिक जवळची आहे. मार्च १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या आणि पुढे आनंदीबाई किंवा बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेलेल्या या बाईंशी लग्न केल्याबद्दल दापोली तालुक्यातील मुरूड गावाने कर्व्यांना वाळीत टाकले. त्यामुळे या दांपत्याचे शंकर, दिनकर आणि भास्कर हे तिन्ही मुलगे, ज्यांच्या आईचे अस्तित्वच गावाला अमंगळ वाटत होते, असे मुलगे म्हणून वाढले. वंशाचा येथे काही संबंध नव्हता; मात्र रचना तीच होती. मुलाच्या अंगी कोणताही दोष नसताना केवळ आईबापांचे एकत्र येणे निषिद्ध ठरल्यामुळे त्याला पंगतीतून उठवणारी ही रचना जगात जेथे जेथे मिश्रविवाहांना विरोध झाला तेथे तेथे दिसते. बाया कर्व्यांचे ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र वाचले म्हणजे त्या घरात आईला दडवून ठेवण्याचा किंवा तिच्याबद्दल ओशाळून बोलण्याचा प्रघात नव्हता हे कळते. मुलांपैकी शंकर डॉक्टर झाले, दिनकर फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि भास्कर यांनी हिंगण्याच्या संस्थेचा भार वाहिला. एका कुटुंबावरून नियम काढता येत नाही, हे खरे. पण पुढे मानसशास्त्राने जे सांगितले त्याच्याशी हे उदाहरण जुळते.

याच घराचा आफ्रिकेशीही संबंध आला. शंकर कर्वे यांनी पूर्व आफ्रिकेतील मोंबासा येथे वैद्यकीय व्यवसाय केला, आणि आपण स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या प्रचारासाठी व निधीसाठी धोंडो केशव कर्वे १९३० ते १९३२ या काळात केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका आणि दक्षिण आफ्रिका असा मोठा दौरा करून आले. त्यांना देणग्या देणारे लोक प्रामुख्याने तेथे स्थायिक झालेले भारतीय व्यापारी आणि नोकरदार होते. त्या वसाहतींतील समाज वर युरोपीय, मध्ये आशियाई आणि तळाशी आफ्रिकी अशा तीन थरांत विभागलेला होता, आणि मधल्या थराला खालच्या थराशी सोयरीक नको होती. तरीही भारतीय पुरुष आणि आफ्रिकी स्त्रिया यांची संतती होत असे; तिला स्वाहिलीत ‘चोतारा’ म्हणत, आणि या संबोधनाला हिणवणुकीची धार होती. ही मुले बहुधा आफ्रिकी आईच्याच घरी वाढली, कारण बापाच्या बिरादरीत त्यांना दार उघडे नव्हते. स्त्रीशिक्षणासाठी आफ्रिकेतून आलेल्या पैशाची नोंद आपल्या इतिहासाने आदराने ठेवली आहे. त्या आफ्रिकी आयांची नोंद ठेवण्याची गरज मात्र कोणाला वाटली नाही.

सर्वांत विलक्षण धागा कर्व्यांच्या सुनेकडे जातो. ब्रह्मदेशात १९०५ मध्ये जन्मलेल्या आणि इरावती नदीवरून नाव मिळालेल्या इरावती कर्वे १९२८ मध्ये, सासऱ्यांचा विरोध असताना, मानवशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या. तेथील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे संचालक ओयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. फिशर यांची कीर्तीच मुळी मिश्रवंशीय मुलांवर उभी होती. तेव्हाच्या जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, रेहोबोथ या गावी डच वंशाचे पुरुष आणि खोईखोई स्त्रिया यांच्यापासून झालेला एक समाज राहत असे. त्या समाजाची मोजमापे आणि वंशावळी घेऊन फिशर यांनी १९१३ मध्ये ग्रंथ लिहिला, माणसातही मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम लागू पडतात असे प्रतिपादन केले, आणि त्याला जोडूनच अशा संततीला गोऱ्यांच्या बरोबरीने वागवू नये असा राजकीय निष्कर्षही काढला. शास्त्राच्या वहीतून थेट मुलांच्या शरीरापर्यंत हा विचार कसा पोहोचतो ते पुढे दिसले. पहिल्या महायुद्धानंतर ऱ्हाईनलँड प्रांतात तैनात असलेल्या फ्रेंच सैन्यातील आफ्रिकी सैनिकांपासून जर्मन स्त्रियांना झालेल्या सुमारे ४०० मुलांची १९३७ मध्ये गुप्तपणे सक्तीची नसबंदी करण्यात आली, आणि त्यासाठीच्या तपासणीत मानवशास्त्राच्या जाणकारांनी हातभार लावला.

इरावतीबाईंना दिलेला विषय मानवी कवटीच्या असममितीचा होता. असममिती म्हणजे डाव्याउजव्या भागांच्या आकारातील फरक. युरोपीयांच्या कवटीत हा फरक अधिक असावा आणि तो त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाशी जोडता यावा अशी गुरूंची अपेक्षा होती, तर युरोपातल्या आणि आफ्रिकेसह इतर खंडांतून आणलेल्या कवट्या मोजल्यावर शिष्येला तसा वांशिक भेद आढळला नाही आणि तिने तो प्रबंधात मांडला नाही. एका परक्या, सावळ्या विद्यार्थिनीने स्वतःच्या पदवीची टांगती तलवार डोक्यावर असताना घेतलेला हा निर्णय २०२४ मध्ये उर्मिला देशपांडे आणि थिआगो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे पुन्हा चर्चेत आला. एक गोष्ट मात्र न लपवता सांगायला हवी, की पुढे डेक्कन कॉलेजात काम करतानाही इरावतीबाईंनी जातिसमूहांची शारीरिक मोजमापे घेणे सोडले नाही. त्यांच्या हाती मापनपट्टी राहिलीच, फक्त तिच्यावरून श्रेष्ठकनिष्ठता ठरवण्याला त्यांनी नकार दिला. मिश्र संततीचा धसका आपल्याकडेही जुना आहे, कारण वर्णसंकराने कुळे नरकात जातात ही भीती गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन बोलून दाखवतो, आणि महाभारतात सावळ्या सत्यवतीपासून विदुर-कर्णांपर्यंत जन्माच्या शंकेखाली वावरणारी माणसे जागोजागी भेटतात. महाभारतावरच्या ‘युगान्त’ या ग्रंथाच्या लेखिकेला, म्हणजे इरावतीबाईंना, ती इतकी नेमकी दिसली याचे आश्चर्य वाटू नये.

पाश्चात्त्य समाजशास्त्राने आरंभी मिश्रवंशीय मुलांकडे करुणेने पाहिले, आणि करुणेनेही त्यांचे फार भले केले नाही. शिकागोच्या रॉबर्ट पार्क यांनी १९२८ मध्ये ‘सीमेवरचा माणूस’ ही कल्पना मांडली आणि एव्हरेट स्टोनक्विस्ट यांनी १९३७ मध्ये ती विस्तारली. दोन समाजांच्या कुंपणावर बसलेला, दोन्हींकडे उपरा, म्हणून कायम अस्वस्थ असा हा माणूस होता. त्यानंतर केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान मुलांसमोर गोरी आणि काळी बाहुली ठेवून प्रश्न विचारले, तेव्हा बहुसंख्य काळ्या मुलांनी गोरी बाहुली छान म्हणून निवडली, आणि १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन बेकायदा ठरवताना या संशोधनाचा हवाला घेतला. या प्रयोगावरून काळी मुले स्वतःचा द्वेष करतात असा समज रूढ झाला; तो विल्यम क्रॉस यांनी १९९१ च्या ग्रंथात तपासून दुरुस्त केला. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. स्वतःच्या योग्यतेबद्दल मुलाला वाटणारा भरवसा ही एक, आणि आपण कोणत्या गटाचे व त्या गटाचे जगात काय मोल, याची जाण ही दुसरी. जगात काळ्याचे मोल कमी आहे हे मुलाला पुरते ठाऊक असूनही त्याचा स्वतःवरचा भरवसा शाबूत असू शकतो, कारण तो भरवसा मुख्यतः घरातल्या माणसांकडून येतो. संगोपनाच्या साऱ्या चर्चेत इतके उपयोगाचे दुसरे विवेचन क्वचितच सापडते.

अमेरिकेत १९६७ च्या लव्हिंग खटल्याने आंतरवंशीय विवाहांवरील बंदी संपली आणि तीन दशकांत या मुलांची एक पिढी स्वतःबद्दल लिहू लागली. कार्लोस पोस्टन यांनी १९९० मध्ये द्विवंशीय ओळखीच्या पायऱ्या सांगितल्या, तर मारिया रूट यांनी मिश्रवंशीय माणसांच्या हक्कांची सनद लिहून, स्वतःची ओळख प्रसंगानुसार वेगवेगळी सांगण्याचा आणि ती बदलण्याचा हक्कही त्यात घातला. २००० च्या जनगणनेत प्रथमच एकाहून अधिक वंश निवडण्याची मुभा मिळाली, आणि २०२० मध्ये असे लोक ३ कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे दहा टक्के भरले. प्यू संशोधन केंद्राच्या २०१५ च्या पाहणीत मिश्रवंशीय प्रौढांपैकी ६० टक्क्यांनी आपल्या वारशाचा अभिमान वाटतो असे सांगितले आणि त्याच वेळी ५५ टक्क्यांनी वांशिक टोमणे किंवा थट्टा सोसल्याचेही सांगितले. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचले पाहिजेत, कारण अभिमान आणि अपमान एकाच माणसाच्या वाट्याला येतात; सीमेवरच्या दुःखी माणसाचे चित्र जितके खोटे, तितकेच दोन संस्कृतींच्या सुंदर संगमाचे मासिकांतले चित्रही अपुरे आहे.

घर नेमके काय करते याचा अभ्यास ‘वांशिक सामाजीकरण’ या नावाने होतो. वंशाबद्दल पालक मुलांना शब्दांतून आणि वागण्यातून जे जे शिकवतात ते सारे त्यात येते. डायेन ह्यूज आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या संशोधनाचा जो आढावा घेतला त्यात असे शिकवणे चार प्रकारचे असल्याचे दाखवले आहे, म्हणजे वारशाची ओळख व अभिमान देणे, भेदभावाला तोंड देण्याची तयारी करून घेणे, इतर गटांवर अविश्वास शिकवणे, आणि सगळी माणसे सारखीच असे सांगून वंशाचा विषय टाळणे. सुशिक्षित मध्यमवर्गीय पालकांना चौथा मार्ग सर्वांत सभ्य वाटतो, पुण्यात तर फारच. परंतु रंगाचा उल्लेखच नको असे ठरवलेल्या घरातले मूल जेव्हा बालवाडीत प्रथम त्यावरून चिडवले जाते, तेव्हा घरी सांगण्यासाठी त्याच्याजवळ शब्दच नसतात, आणि ज्याबद्दल आईबाबा बोलत नाहीत ते काहीतरी लाजिरवाणे असणार असा निष्कर्ष ते स्वतःच काढते. तिसऱ्या मार्गाचे तोटे सांगायला नकोत. पहिला आणि दुसरा मार्ग एकत्र, आणि या क्रमाने, चालणारी घरे अधिक यशस्वी ठरतात. अभिमान आधी आणि सावधगिरी नंतर, नाहीतर मुलाच्या हाती केवळ भीती उरते.

या संदर्भात दोन आयांची तुलना उद्बोधक आहे. दक्षिण आफ्रिकेत १९४९ च्या कायद्याने आंतरवंशीय विवाहांना बंदी होती आणि ती १९८५ मध्ये उठली. त्याआधीच्या वर्षी जोहान्सबर्गमध्ये खोसा आई आणि स्विस वडील यांच्या पोटी ट्रेव्हर नोआ जन्मला. त्याच्या आत्मकथनातून दिसणारी आई, पॅट्रिशिया, मुलाला सहानुभूतीने कवटाळून बसणारी नाही. ती त्याला इंग्रजीबरोबर घरातल्या आफ्रिकी भाषांत वाढू देते, पुस्तके आणून देते, काळ्यांना मज्जाव असलेल्या वस्त्यांतून हिंडवते आणि चुकल्यावर चोपतेही. आपल्याला कमी लेखणाऱ्या देशाकडे ती स्वतःच तुच्छतेने पाहते, आणि मुलगा ते पाहत मोठा होतो. दुसरी आई श्यामला गोपालन. तामिळ घरातली ही शास्त्रज्ञ जमैकन पतीपासून विभक्त झाल्यावर कॅलिफोर्नियात दोन मुलींना वाढवत होती, आणि अमेरिका या मुलींना काळ्या म्हणूनच पाहणार हे ओळखून तिने त्यांना कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, चर्चमध्ये आणि सांस्कृतिक केंद्रात नेले, असे त्या मुलींपैकी एक, कमला हॅरिस, यांनी लिहिले आहे. पहिल्या आईला मुलाच्या वाट्याला येणारे जग स्वानुभवाने ठाऊक होते, दुसरीला ते प्रयत्नाने शिकावे लागले. फ्रान्स विंडान्स ट्वाइन यांनी ब्रिटनमधील मिश्र कुटुंबांवरील २०१० च्या ग्रंथात या शिकण्याला वांशिक साक्षरता म्हटले आहे. कृष्णवर्णीय आईजवळ ही साक्षरता असतेच. मराठी घरात उणीव असते ती बहुधा वडिलांकडे, आजीआजोबांकडे आणि शेजारपाजाऱ्यांकडे.

मराठी समाजाला मिश्रवंशीय घरांची माहितीच नाही, असे म्हणता येणार नाही. क्वेकर पंथातील एलिझाबेथ लुंडी या अमेरिकन तरुणीने १९३० मध्ये विष्णू निंबकरांशी विवाह केला आणि कमला निंबकर या नावाने मुंबईत व्यवसायोपचाराच्या, म्हणजे अपंगांना दैनंदिन कामे पुन्हा शिकवणाऱ्या उपचारपद्धतीच्या, शिक्षणाचा पाया घातला. त्यांचे पुत्र बनबिहारी निंबकर फलटणला शेतीसंशोधक म्हणून नावाजले, आणि त्यांच्या पत्नी जाई या इरावती कर्व्यांच्याच कन्या. फलटणच्या शाळेला कमलाबाईंचे नाव आहे. गदर चळवळीतील क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे यांच्या मुली मेक्सिकोत, बेल्जियन आईच्या पोटी जन्मल्या आणि पुढे हे कुटुंब नागपूरला आले. मालवण तालुक्यातील वराड गावचे अशोक वराडकर आणि आयरिश परिचारिका मिरियम यांचे पुत्र लिओ २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि २०१९ च्या डिसेंबरात गावी आले, तेव्हा अवघे वराड लोटले. ही नावे आपण कौतुकाने घेतो आणि घ्यावीतच. पण त्या प्रत्येक घरात परकी बाजू गोरी होती. गोऱ्या सुनेच्या मुलांचे घारे डोळे सोसायटीभर मिरवले जातात. त्याच सोसायटीत आफ्रिकी सुनेच्या मुलाच्या केसांकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल, याचा अंदाज पुणेकराला सांगावा लागत नाही. म्हणजे मराठी समाजाची मिश्रविवाहाबद्दलची उदारता अजून सोप्या परीक्षेलाच बसली आहे. राज्यघटनेतही हीच छाया आहे. अनुच्छेद १५ वंशावरून भेदभाव करण्यास मनाई करतो, परंतु घटनेने व्याख्या केलेला एकमेव मिश्रवंशीय समाज अँग्लो-इंडियन हा असून, अनुच्छेद ३६६ नुसार तो पित्याच्या बाजूने युरोपीय वंशाचा असावा लागतो. आफ्रिकी आईची मुले या व्याख्येत दोनदा बाहेर राहतात.

आफ्रिकी वंशाची माणसे या प्रदेशाला नवी नाहीत. हबशी गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर १६२६ मध्ये मरण पावला तेव्हा तो निजामशाहीचा कर्ता पुरुष होता, आणि जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान १९४८ पर्यंत टिकले. पण सत्तेवर असलेल्यांचा रंग कोणी काढत नाही, म्हणून या इतिहासातून संगोपनाविषयी फार काही शिकता येत नाही. अधिक शिकवतात ते उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, अंकोला या भागांतील सिद्दी. कोकणी-मराठी वळणाची बोली बोलणाऱ्या आणि हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशा तिन्ही धर्मांत विखुरलेल्या या समाजाला २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी विधान परिषदेवर नियुक्त होऊन कर्नाटकाच्या विधिमंडळात पोहोचलेले पहिले सिद्दी ठरले. त्यांच्या मुलांना बाजारात आणि बसमध्ये कोणत्या देशातून आलात असे विचारले जाते, आणि प्रश्न त्यांच्याच बोलीत विचारला गेलेला असतो. १९८७ च्या सुमारास भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलांना धावपटू म्हणून निवडण्याची योजना आखली; तिने काहींना नोकरी आणि नाव दिले हे खरे, पण आफ्रिकी वंश म्हणजे चपळ पाय ही समजूतही तिने पक्की केली, आणि ज्या मुलाला धावायचे नव्हते, गणित करायचे होते, त्याच्यासाठी त्या कौतुकात जागा नव्हती.

आजच्या पुण्यात आफ्रिकी देशांतून आलेले विद्यार्थी हे रोजचे दृश्य आहे, आणि त्यांपैकी कोणी येथे संसार थाटला तर प्रश्न रस्त्यावरून घरात येतो. कायद्याची बाजू तशी सोपी आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार लग्न होते. पालकांपैकी एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसेल तर भारतात जन्मलेले मूल भारतीय नागरिक असते. परदेशी पत्नीला मात्र नोंदणी कार्यालयाच्या फेऱ्या घालाव्या लागतात आणि लग्नाला दोन वर्षे झाल्यावरच परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड मागता येते. अवघड भाग स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात सुरू होतो. मूल गोरे व्हावे म्हणून गरोदर बाईला केशराचे दूध देणे, जन्मल्यावर डाळीचे पीठ आणि साय लावून अंग चोळणे, नातेवाइकांनी पहिल्या भेटीत ‘रंग कोणावर गेला’ हे विचारणे, या रीती दुष्टपणाच्या नाहीत. बऱ्याचदा त्या मायेनेच होतात, आणि म्हणूनच त्यांना विरोध करणे कठीण जाते. सासूबाई नातवाला चोळताना जो रंग काढू पाहत आहेत तो समोर बसलेल्या सुनेचा आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. तिच्या मात्र येते, आणि तीनचार वर्षांचे झाल्यावर मुलाच्याही. येथे बोलण्याची जबाबदारी सुनेवर टाकून चालत नाही. आपल्या आईशी आपल्या भाषेत बोलणे मुलाच्या बापालाच शक्य असते, आणि तो गप्प बसला तर आईने दिलेला सारा अभिमान अर्धा होऊन मुलापर्यंत पोहोचतो. ज्या घरातील स्त्रीची निंदा होत होती त्या हिंगण्याच्या घरात नवरा उघडपणे तिच्या बाजूला उभा होता, हे येथे आठवावे.

केसांचा विषय वरवर क्षुल्लक वाटतो, पण कृष्णवर्णीय माता त्याला संगोपनाचा गाभा मानतात. आफ्रिकी धाटणीचे केस स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असल्याने टाळूचे तेल टोकापर्यंत उतरत नाही. ते कोरडे राहतात, रोज धुतल्यास तुटतात, कोरडे असताना बारीक दातांच्या फणीने विंचरल्यास मूल रडते. ओलसर केसांचे भाग पाडून, रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे सोडवीत जाणे आणि मग बारीक वेण्या घालणे, यात तासन्तास जातात, आणि तेवढा वेळ मुलगी आईच्या गुडघ्यांमध्ये बसून गोष्टी ऐकत असते. घरात याच केसांना पिंजलेले किंवा झिपऱ्या म्हटले गेले, तर तो वेळ शिक्षेसारखा होतो. शाळांचे नियम येथे आड येतात, कारण तेल लावून चापून घातलेल्या दोन वेण्या आणि रिबिनी हा पुणेरी शाळेचा शिरस्ता सरळ केस गृहीत धरूनच झाला आहे. जगातही हा तंटा झाला आहे. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियातील मुलींच्या शाळेत २०१६ मध्ये विद्यार्थिनींनी नैसर्गिक केसांवरील निर्बंधांविरुद्ध आंदोलन केले, आणि कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. पुण्यात कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मुख्याध्यापकांना प्रवेशाच्या वेळीच भेटून, या मुलीच्या वेण्या गणवेशाला धरूनच आहेत, हे आईवडील दोघांनी मिळून सांगणे पुरते.

मुंबईत वाढलेल्या मसाबा गुप्ता यांचे उदाहरण उलट बाजूचे आहे, कारण वडील, क्रिकेटपटू व्हिव्ह रिचर्ड्स, कॅरिबियन आणि आई, अभिनेत्री नीना गुप्ता, भारतीय. शाळेत रंगावरून आणि केसांवरून झालेल्या चिडवण्याबद्दल त्या जाहीरपणे बोलल्या आहेत. आई कर्तबगार, वडील जगप्रसिद्ध, तरीही चिडवणे टळले नाही. प्रतिष्ठेने रंगाचा प्रश्न सुटत नाही एवढे यावरून दिसते. मात्र त्यांनी तेच केस पुढे मिरवले, हेही नोंदवायला हवे.

वैचारिक पातळीवर मराठी समाजाचे कृष्णवर्णीयांशी नाते जुने आणि अभिमानास्पद आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केली, बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. दुबॉय यांच्याशी पत्रव्यवहार केला, १९७२ मध्ये दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, आणि जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख मराठीला करून दिली. हा वारसा मिश्रवंशीय मुलाच्या हाती लवकर द्यावा, कारण आपल्या दोन्ही बाजू एकमेकींना भेटलेल्या आहेत, त्याही समानतेच्या बाजूने, हे त्याला त्यातून कळते. विठोबाही काळाच आहे ही समजूत मात्र फारशी कामाची नाही. सावळ्या देवापुढे भक्तीने लोटांगण घालणारा माणूस सावळी सून पाहताना नाक मुरडतो, हे मुले फार लहानपणी पाहतात, आणि देवाचा दाखला त्यांना पोकळ वाटू लागतो.

भाषेचे तसे नाही. कर्वेनगरातल्या गल्लीत खेळताना ज्या मुलाची मराठी अस्सल पुणेरी, पेठी उच्चारांची असते, त्याला परका म्हणणे चिडवणाऱ्यालाही अवघड जाते, आणि नोआच्या आईने जोहान्सबर्गमध्ये हेच जाणले होते. पण त्यासाठी आईची भाषा, मग ती स्वाहिली असो, अम्हारिक असो की योरुबा, बाजूला सारावी लागत नाही; लहान मुले दोनतीन भाषा सहज पेलतात, आणि आईच्या भाषेत बोलणारे मूल आईला पाहुणी समजत नाही. एकाच घरातल्या दोन भावंडांत एक गव्हाळ आणि एक काळे निपजते हेही नेहमीचे आहे, कारण रंग अनेक जनुकांनी मिळून ठरतो आणि प्रत्येक अपत्यात त्यांची वाटणी निराळी होते. अशा वेळी आजोळ-घरचे पाहुणे नकळत उजळ भावंडाला आधी उचलून घेतात, आणि दोघांत दुरावा येतो तो बहुधा येथून. आईने ते तिथल्या तिथे, पाहुण्यांच्या देखत, दुसऱ्याला मांडीवर घेऊन थांबवावे, असा आफ्रिकी आणि कॅरिबियन घरांतल्या जुन्या बायकांचा सल्ला आहे. नंतर एकांतात समजावलेले मुलाला आठवत नाही, चारचौघांत केलेले आठवते.

मुले पंचविशीत आली म्हणजे मराठी घरात स्थळांचा विषय निघतो, आणि वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात जात, पोटजात, गोत्र, नाडी यांच्या रकान्यांबरोबर वर्णाचाही रकाना असतो. शादी डॉट कॉमने २०२० च्या जून महिन्यात टीकेनंतर रंगावरून निवड करण्याची सोय काढून टाकली आणि त्याच वर्षी १९७५ पासून चालत आलेल्या फेअर अँड लव्हली मलमाचे नावही त्याच्या उत्पादकांनी बदलले. छापील अर्जांत तो रकाना अजून भरला जातो. मिश्रवंशीय मुले बहुधा त्या अर्जाच्या वाटेला जात नाहीत, आपले जोडीदार आपणच शोधतात, आणि वीसेक वर्षे आईने जे पेरले ते तेथे, समोरच्या घरच्या मंडळींनी पहिला अवघड प्रश्न विचारल्यावर मूल आईची ओळख कशी करून देते, त्यावरून कळते.